आमच्या विहीणबाई डॉक्टर

माझ्या लेकीच्या सासरी बायका सगळ्या डॉक्टर आणि पुरुष एकजात बिनशिकलेले, असं मी पेणपासून रोह्यापर्यंत छातीठोकपणे सांगितलं होतं.

सांगितलं म्हणजे काय, कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं! पेणला माझा घरगुती पोह्याच्या पापडांचा धंदा. लाटायला रोज बायका येतात. लाट्या संपेपर्यंत बातमी बाजारात पोचलेली असते, त्यामुळे मला वेगळं वर्तमानपत्र काढावं लागत नाही. आणि माझा स्वभाव असा, की मी एकदा बोलले की बोलले. मागे फिरायचं माहीत नाही. (आमचे हे म्हणतात, ‘हिला रिव्हर्स गियर बसवायचा राहिला.’ म्हणू देत.)

तर झालं असं. आमची मनू शिकायला गेली आइसलँडला. विषय काय, तर जमिनीतून येणारं गरम पाणी!

“अगं, गरम पाणीच बघायचं तर उन्हेऱ्याच्या कुंडावर जा की! अंघोळ करून दुपारी जेवायला घरी येशील,” मी म्हटलं.

पण ऐकेल तर शपथ. हट्टीपणा कुणाचा घेतलाय कोण जाणे! गेली, आणि तिकडे त्या गरम पाण्यात तिला एक पोरगा सापडला. सिग्गी. उंच, गोरापान, दाढीवाला, आणि मला बघितल्या बघितल्या फोनवर “नमस्कार आई” म्हणाला. मी तिथेच विरघळले. आमचे हे तर मनूने आणलेल्या कशालाही नाही म्हणत नाहीत. राहिले फक्त भाऊजी.

भाऊजी म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, वसंतराव. राहतात रोह्याला. जन्मभर एसटी चालवली, आता निवृत्त. सासरे लवकर गेले, तेव्हा ह्यांना शिकवलं, उभं केलं ते भाऊजींनी. मनूला सायकल शिकवली भाऊजींनी. तिने मला फोनवर स्पष्टच सांगितलं, “आई, भाऊकाका मनापासून हो म्हणाले तरच लग्न. ते तोंड फिरवून बसले तर मी नाही उभी राहायची बोहल्यावर.” आणि हे सांगताना तिचा आवाज असा काही झाला, की मी पदर खोचला. म्हटलं, आता भाऊजींचा होकार आणल्याशिवाय मी पापडाला हात लावणार नाही!

गेले रोह्याला. भाऊजी ओटीवर डावा पाय लांब करून बसले होते. गुडघा त्यांचा कायमचा दुखरा.

“नाव काय पोराचं?”

“सिग्गी. म्हणजे सिगुर्दुर.”

“आडनाव?”

“योन्सन.”

“बापाचं नाव?”

“योन एइनार्सन.”

“आणि आयशीचं?”

“हेल्गा. पुढचं लांबलचक आहे, पण गुन्नार्सपासून सुरू होतं.”

“म्हंजे बापाचं एक, पोराचं दुसरं, आयशीचं तिसरं! गो सुलभा, हे घर हाय का एसटी स्टँड? जो येतो तो येगळ्या पाटीचा!”

खरं सांगायचं तर मलाही ते खटकत होतंच, पण मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

“पोरगा त्याचाच हाय ना?” भाऊजींनी हळूच विचारलं.

“भाऊजी! काहीतरीच काय!”

“मंग आडनाव का नाय दिलं? आपुन बघ. आपुन कासूकर. का, तर कासूचे. माझा बा कासूकर, मी कासूकर, तुझा नवरा विलास कासूकर. लांबून पाटी वाचली का कळतं, गाडी कुठली ती!”

(कासूत आमचं काय आहे विचाराल, तर एक चिंचेचं झाड. ते पण दुसऱ्याचं निघालं. तरी रोह्याला जाताना गाडी कासूला थांबली की आमचे हे खिडकीतून प्लॅटफॉर्मला हात जोडतात.)

“कूळ कळल्याबिगर मी अक्षता टाकणार नाय,” भाऊजी म्हणाले आणि पाय चोळत बसले. जाऊबाईंनी चहा आणला, तोही त्यांनी माझ्याकडे न बघता प्यायला.

ठीक आहे, म्हटलं. कूळ पाहिजे ना? कूळ आणते!

पुढच्याच रविवारी मी मनूला व्हिडिओ कॉल लावायला लावला. नवी साडी नेसले. समोर सगळं सासर एका कोचावर ओळीने बसलेलं. मनूने फोन धरलेला. मी म्हटलं, “प्लीज, वन बाय वन, फुल नेम.”

सिग्गीची आई उठून उभी राहिली. चांगली धिप्पाड बाई, हसरी. छातीवर हात ठेवून म्हणाली, “हेल्गा गुन्नार्सदोह्तिर.”

मी ताडकन सरळ झाले. ह्यांना कोपर मारलं. “ऐकलंत? डाक्तर!”

मग सिग्गीची बहीण. “अन्ना योन्सदोह्तिर.”

“दुसरी डॉक्टर!”

कोचाच्या टोकाला आजी विणत बसली होती, नव्वदीची तरी असेल. सुई न थांबवता म्हणाली, “सिग्रून ओलाफ्सदोह्तिर.”

“अहो, म्हातारीपण डॉक्टर!” मला रडूच कोसळायचं बाकी होतं. पुरुषांची पाळी आली, तर योन एइनार्सन, सिगुर्दुर योन्सन. संपलं. पुढे काही नाही. बिचारे शिकले नसतील. पण म्हटलं चालायचंच, बायका हुशार असल्या की घर चालतं. आमचं नाही का चाललंय!

“ऑल लेडीज डॉक्टर!” मी ओरडले. “व्हेरी नाइस!”

“येस, येस!” हेल्गाबाई खूश होऊन म्हणाल्या. “ऑल दोह्तिर! ऑल!”

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. मनू फोनच्या मागून म्हणत होती, “आई, अगं, ते डॉक्टर नाही, ते…” मी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. “मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये.” तेवढ्यात आमच्याकडची रेंज गेली. नंतर तिने पुन्हा विषय काढला, तर मी ऐकूनच घेतलं नाही. म्हटलं, विनय आहे. खानदानी डॉक्टर लोक स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत नसतात.

“अगं, त्या बाई मधे काहीतरी बस म्हणाल्या,” आमचे हे म्हणाले.

“बसा म्हणाल्या असतील. मनूने शिकवलं असेल मराठी. पाहुण्यांना बसा म्हणायची पद्धत आहे सुसंस्कृत घरात.”

“आपण बसलेलोच होतो की गं.”

मी फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रोहा! भाऊजी ओटीवर तसेच, पाय तसाच.

“भाऊजी, कूळ कळलं. तीन पिढ्या डॉक्टर!”

“पोराचा बाप?”

“तो नाही. बायका! आई, बहीण, आजी. तिघी.”

भाऊजींनी पाय थोडा जवळ ओढला. “तिघी डाक्तर? कसल्या डाक्तर?”

इथे मी थांबायला हवं होतं. पण रिव्हर्स गियर नाही, आणि ब्रेकही नाही. “सगळ्याच्या,” मी म्हटलं.

“गुडघ्याच्या पन?”

“मुख्य म्हणजे गुडघ्याच्या! तिकडे बर्फात माणसं घसरतात ना सारखी.”

भाऊजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, “तसं कूळ चांगलंच वाटतंय. बघील का गो ती माझा गुडघा?”

“बघील म्हणजे काय? विहीण आहे ती. नाही बघून सांगते कुणाला!”

आणि भाऊजी हो म्हणाले! कूळ, आडनाव, पाटी, सगळं त्या गुडघ्यात विरघळलं. साखरपुडा रोह्यालाच, भाऊजींच्या अंगणात करायचं ठरलं. मी इतकी खूश, की परत येताना कासूला मीसुद्धा हात जोडले. माझ्या मागे जाऊबाईंनी काय केलं, ते मला साखरपुड्याच्या सकाळी कळलं.

पाहुणे मुंबईला उतरून परस्पर गाडीने रोह्याला यायचे होते. आम्ही आधी पोचलो. बघते तर अंगणात मांडवाखाली ही गर्दी! म्हटलं, वा, आळीचं किती प्रेम. मग जवळून बघितलं. प्रत्येकाच्या हातात तो एक्स-रेचा मोठा लिफाफा. डॉक्टर विहीण येतेय, असं जाऊबाईंनी आळीभर सांगून ठेवलं होतं! कुणी मान धरून बसलेलं, कुणी कंबर. शेजारच्या हमीदाचाची, ज्यांचा मुलगा दुबईला असतो, त्या पहिल्या खुर्चीत. पहाटेपासून नंबर लावून बसल्या होत्या.

“गो सुलभा, माज्या पोराने सांगितलाय, बाहेरच्या डाक्तरला दाखीव. आता बाहेरची डाक्तर घरातच येते, अजून काय पायजे!”

म्हटलं, डॉक्टर माणसं, सवय असेल.

गाडी आली. औक्षण झालं. हेल्गाबाई मांडवात शिरल्या आणि सगळे उठून उभे राहिले. हमीदाचाचींनी दोन्ही हातांनी लिफाफा पुढे केला. हेल्गाबाईंना वाटलं, आहेर! त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला (हे मनूने शिकवलं होतं) आणि “थँक यू, थँक यू” म्हणत नवऱ्याकडे दिला. मग पुढचा लिफाफा. मग पुढचा. योनराव खुर्चीत बसून मांडीवर चळत रचत होते आणि प्रत्येकाला मान झुकवत होते.

“अगो, परत घे ना!” हमीदाचाची माझा पदर ओढायला लागल्या. “तेवढा एकच हाय माझा!”

तेवढ्यात पलीकडच्या गुरवकाकांनी जीभ बाहेर काढून दाखवली. हेल्गाबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनीही आपली जीभ बाहेर काढून त्यांना दाखवली. त्यांचं बघून योनरावांनी काढली. सिग्गीने काढली. मांडवात दोन देशांचे लोक एकमेकांना जिभा दाखवत उभे!

मनूने माझा दंड धरला आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेलं.

“आई, काय सांगितलंस तू यांना?”

“जे आहे ते. डॉक्टर आहेत म्हणून.”

“दोह्तिर गं आई! दोह्तिर! म्हणजे मुलगी! गुन्नारची मुलगी ती गुन्नार्सदोह्तिर. योनचा मुलगा तो योन्सन. योनबाबा एइनारचे, म्हणून ते एइनार्सन. त्यांच्याकडे आडनाव नसतंच. बापाचं नाव हेच पुढे लावतात. मुलीला दोह्तिर, मुलाला सन.”

“असं कुठे असतं का?”

“पूर्वी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क सगळीकडे असंच होतं. नंतर त्यांची नावं एका पिढीला अडकली आणि आडनावं होऊन बसली. आइसलँडवाल्यांनी अजून तसंच चालू ठेवलंय.”

मी पिठाच्या डब्यावर बसले. “मग विहीणबाई करतात काय?”

“शाळेची बस चालवतात.”

“मी म्हटलं होतं,” दारातून आवाज आला, “बस म्हणाल्या म्हणून.” आमचे हे! मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते आल्या पावली गेले.

मनूचा चेहरा पांढराफटक पडला होता. “भाऊकाका डॉक्टर म्हणून हो म्हणाले ना? आता कळलं तर? आई, ते आत निघून जातील. मला नाही गं चालायचं त्यांच्याशिवाय.”

तिच्या डोळ्यांत पाणी बघून मी उठले. “कुणाला काही कळणार नाही. साखरपुडा होईपर्यंत विहीणबाई डॉक्टर आहेत. मी बोलले ना!”

पण बाहेर येऊन बघते तर भाऊजी खुर्चीत, लेंगा गुडघ्याच्या वर गुंडाळलेला. हेल्गाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसलेल्या, गुडघा दाबून बघतायत. हेल्गाबाईंनी मान हलवली, आणि एकदम आपली स्वतःची विजार वर केली. त्यांचा डावा गुडघाही तसाच सुजलेला! मग त्यांनी डाव्या पायाने हवेत काहीतरी दाबून दाखवलं. एकदा, दोनदा.

“क्लच,” त्या म्हणाल्या.

भाऊजींचे डोळे बारीक झाले. “क्लच?”

“बस! बिग बस!” त्यांनी हाताने मोठं स्टीअरिंग फिरवलं. “स्नो. एव्हरी डे.”

भाऊजींनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. “सुलभा. ही डाक्तर हाय ना?”

“डॉक्टरच आहेत,” मी म्हटलं. “बस हा त्यांचा… छंद आहे.”

मनूने कपाळावर हात मारला आणि पुढे येऊन सगळं सांगून टाकलं. दोह्तिर, सन, गुन्नार, एइनार, सगळं. लोकांना त्यातलं एवढंच कळलं, की ही बाई डॉक्टर नाही. ते आपापले लिफाफे योनरावांच्या मांडीवरून हळूहळू काढून घ्यायला लागले. भाऊजींनी लेंगा गुडघ्यावरून खाली ओढला. मनू त्यांच्या पायाशी बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी जन्मात पहिल्यांदा देवाला म्हटलं, माझी जीभ घे, पण हे लग्न होऊ दे.

“आडनावच नाय?” शेवटी भाऊजी म्हणाले.

“नाही, भाऊकाका.”

“नुसतं बापाचं नाव?”

“हो.”

“माझा बा शंकर. म्हंजे मी कोण?”

“शंकरसन.”

भाऊजींनी ते दोनदा पुटपुटून बघितलं. “मंग आपलं पन तेच हाय की. वसंत शंकर कासूकर. त्यांनी फक्त मागची पाटी काढून टाकलीय.” त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. “तशी कासूत आपली एक चिंच होती, ती पन दुसऱ्याची निघाली. बा तरी आपलाच व्हता!”

आणि ते हसले! मग हेल्गाबाईंकडे वळून म्हणाले, “घाट हाय का तुमच्याकडं? घाट?” मनूने सांगितलं. हेल्गाबाईंनी हाताने असा काही वळणाचा घाट काढून दाखवला, की भाऊजींनी मांडीवर थाप मारली. “डाक्तर काय, ढिगानं मिळतात. बर्फात बस काढणारी विहीण अख्ख्या रोह्यात कुणाकडं हाय? काढा साखर!”

मनू त्यांच्या गळ्यातच पडली. मीही पुढे झाले.

“पन सुलभा, तू खोटं बोललीस.”

“खोटं नाही भाऊजी, चुकीचं ऐकलं.”

“आणि छंद?”

“ते… ते खोटं.”

साखरपुडा झोकात झाला. जेवणं झाल्यावर हेल्गाबाई आतल्या खोलीत माझ्याशेजारी येऊन बसल्या. मनूला मध्ये घालून त्यांनी विचारलं, माझ्या वडलांचं नाव काय.

“दामोदर,” मी म्हटलं. बाबा हमरापूरचे. जन्मभर गणपतींचे डोळे रंगवले त्यांनी.

“आणि आईचं लग्नाआधीचं नाव मंदाकिनी,” मनूने भर घातली. मग तिने त्यांना तांदळाच्या ताटाची गोष्ट सांगितली. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवीन नाव लिहिलं, सुलभा. (मंदाकिनी का नको, असं मी पुढे कधीतरी विचारलं होतं. तर म्हणाले, “ताटात मावलं नसतं.”) नाव गेलं, मधलं नाव गेलं, आडनाव गेलं. माहेरचं एक अक्षर मागे राहिलं नाही, आणि मला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

हेल्गाबाईंनी माझा हात हातात घेतला, तोंडातल्या तोंडात जुळवणी केली आणि म्हणाल्या, “मंदाकिनी दामोदर्सदोह्तिर.”

बाबांचं नाव माझ्या नावाला लागून लग्नानंतर कुणी घेतलंच नव्हतं. मी रडले. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले. मला त्या घडीला बाबा इतके हवे होते, की काय सांगू. हेल्गाबाईंना वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. बस चालवणाऱ्या बाईचा आवाज तो! त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी शाळेची सगळी पोरं मागच्या सीटपर्यंत ऐकतील असं.

“मंदाकिनी दामोदर्सदोह्तिर!”

ते अंगणातसुद्धा ऐकू गेलं. मग दार ढकलून हमीदाचाची आत आल्या, लिफाफा छातीशी धरून.

“गो सुलभा! तू पन? आणि इतकी वर्सं बोलली नाय?”

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण त्यांच्या मागे गुरवकाका जीभ काढून तयार उभे होते.

आता मी रोह्याला गेले की ओटीवर चारदोन लिफाफे येऊन बसतात. मी एक्स-रे उजेडाला धरते, “हं” म्हणते, आणि पापडासाठी आणलेल्या ओव्यातला चमचाभर पुडीत बांधून देते. गुडघ्याला ओवा, मानेला ओवा. गुण येतो म्हणतात. आमचे हे सारखे मागे लागलेत, “अगं, खरं काय ते सांगून टाक.” काय सांगू? मी एकदा बोलले की बोलले, आणि या खेपेला तर मी बोललेसुद्धा नाही. शिवाय यात खोटं काय आहे? दोह्तिर तर मी आहेच!